शनिवारी क्लबहाऊसमध्ये स्कूबी-डू: लहानांना दाखवायचं का?

ए-२०३: शनिवारी मुलांना 'स्कूबी-डू' हे भुतांच्या गोष्टींचं कार्टून दाखवणार असं कळलं. आमची धाकटी पाच वर्षांची आहे. भुताचं काही बघितलं की रात्री दिवा मालवू देत नाही. दुसरं काही लावता येईल का?

बी-५०१: ताई, आम्ही सगळे कार्टून नेटवर्कवर हेच बघत मोठे झालो. काही होत नाही हो.

ए-२०३: दादा, रात्री दोनला ती रडत उठते तेव्हा तिला कुशीत घेऊन बसावं लागतं. म्हणून विचारलं.

सी-४०२: ताई, तुमची काळजी रास्त आहे. शनिवारी लावणार आहोत तो भाग काल रात्री मी पुन्हा पूर्ण बघितला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा अगदी पहिला भाग, १३ सप्टेंबर १९६९ ला अमेरिकेत सीबीएस या टीव्ही चॅनेलवर लागलेला. शॅगी नावाचा मुलगा आणि त्याचा कुत्रा स्कूबी सिनेमा बघून चांदण्यातून घरी चाललेत. वाटेत एक गाडी उभी, आणि ड्रायव्हरच्या जागी नुसतं काळं चिलखत बसलेलं. तिथे मूल दचकेल, हे मान्य.

पण पुढे बघा. गाडीतून येणारे इंग्लंडचे पुरातत्त्वाचे प्राध्यापक बेपत्ता आहेत. म्युझियमचे क्युरेटर विकल्स सांगतात, पौर्णिमेला हे चिलखत, म्हणजे काळा सरदार, जिवंत होतो. स्कूबीला गाडीजवळ एक विचित्र चष्मा सापडलेला असतो. शॅगी, स्कूबी आणि त्यांचे मित्र तो घेऊन थेट लायब्ररीत जातात आणि असा चष्मा कोण वापरतं ते पुस्तकात शोधतात! मला हा प्रसंग फार आवडतो. भुताच्या गोष्टीत लायब्ररी कोण दाखवतं?

शेवटी शिरस्त्राण उतरवलं की आत विकल्सच. म्युझियममधली खरी चित्रं लंपास करून तो जागेवर नकली लावत होता. प्राध्यापकांनी ती बघताक्षणी ओळखली असती, म्हणून त्यांना तिथेच डांबलेलं. लोकांनी फिरकू नये म्हणून सरदाराचं सोंग.

आणखी एक. तेव्हा शनिवार सकाळच्या कार्टूनांत सुपरहिरोंची मारामारी फार होती, आणि तिथल्या पालकांनी त्यावर बरीच ओरड केली होती. म्हणून चॅनेलला मारधाड नसलेलं काहीतरी हवं होतं. त्यातून जो रूबी आणि केन स्पिअर्स या लेखकांनी हे कार्टून उभं केलं. म्हणजे तुमच्यासारख्याच आईबापांचं म्हणणं यामागे आहे.

डी-१०१: आमच्याकडे ग्रेट डेन होता, म्हणून सांगतो. त्या जातीची पाठ सरळ, पाय ताठ, हनुवटी घट्ट. चित्रकार इवाओ ताकामोटो यांनी ही जात पाळणाऱ्या बाईंकडून चांगल्या कुत्र्याची लक्षणं नीट समजून घेतली आणि स्कूबीला सगळी उलटी दिली. वाकडे पाय, उतरती पाठ, लोंबती हनुवटी. त्या पायांनी तो पळायला लागला की भीती राहतेच कुठे!

ए-२०३: काका, हे तिला आधीच सांगून ठेवते. सी-४०२ ताई, शिरस्त्राण काढायच्या आधी थांबवून मुलांना विचाराल का, आत कोण असेल?

सी-४०२: नक्की. रिमोट माझ्याच हातात आहे. चष्मा सापडतो तिथेही थांबवते. आणि एक ट्यूबलाइट चालूच ठेवू.

ए-२०३: मग येतो आम्ही. साडेपाचला ना? मी तिला मांडीवर घेऊन बसेन.