रैट मामांची तुमच्याकडची एकेक आठवण लिहा

आमच्या डेपोतले कंडक्टर, ज्यांना आपण सगळे रैट मामा म्हणायचो (गाडी सोडताना कंडक्टर "रैट" म्हणतात, त्यावरून), त्यांना जाऊन पुढच्या आठवड्यात वर्ष होतंय. त्यांची मुलगी परवा स्टँडवर भेटली, आता दहावीला आहे. म्हणाली काका, बाबा गाडीवर असताना काय काय बोलायचे ओ, लोक सांगायला लागतात आणि मधेच गप्प होतात. म्हणून हा धागा. उगाच गोडगोड नको, जे झालं ते लिहा, शुद्धलेखन कोण बघत नाही. सगळं छापून तिला द्यायचं आहे.

सुरुवात मीच करतो. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला तेव्हाची गोष्ट. फुकट असलं तरी शून्याचं तिकीट फाडावंच लागतं, नाहीतर चेकिंगवाले कंडक्टरलाच धरतात. आज्ज्यांना ते पटायचं नाही, फुकट हाय तर कागुद कशाला म्हणायच्या. मामा म्हणायचे, "आज्जी, घ्या की ओ, नायतर सरकार म्हणल मी एकटाच गाडी फिरवून आलो." एकदा जांबोटीच्या गाडीत एक आज्जी कोंबडी घेऊन चढली. आज्जी फुकट आणि कोंबडीला पैसे! आज्जी भडकली, कोंबडी पण बाईच की म्हणाली. मामांनी वाकून कोंबडीकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "होय की, पण हिचं आधार कार्ड कुठाय?" गाडी खानापूर रोडला लागेपर्यंत लोक हसत होते. कोंबडीचे पैसे मात्र त्यांनी घेतलेच, कलेक्शनमध्ये एक रुपया कमी चालायचा नाही त्यांना.

रोजची प्रवासी, शिक्षिका

मी सात वर्षं त्यांच्या गाडीनं शाळेला गेले. गाडीवरची पाटी कन्नडमध्ये, आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती वाचता येत नाही, विचारायला पण संकोच वाटतो, हे त्यांना बरोबर माहीत. दारात उभं राहून प्रत्येक गावाचं नाव दोन्ही भाषांत ओरडायचे, कुणी विचारायच्या आधीच. एकदा गाडीत दोघांची जुंपली, एक बेळगाव म्हणणारा आणि एक बेळगावी म्हणणारा. मामा म्हणाले, "बेळगाववाले डावीकडं बसा, बेळगावीवाले उजवीकडं, मी सगळ्यांना एकाच स्टँडवर सोडणाराय." तरी ते दोघं भांडतच राहिले, पण बाकीची गाडी हसली.

अजून एक. सुट्टे नसले की तिकिटाच्या मागं बाकी लिहून देतात ना, तसं माझं एक तिकीट पर्समध्ये राहिलंय, मागं "7 बाकी" त्यांच्या अक्षरात. मागायचं राहूनच गेलं.

वर्कशॉपमधून

माझी मराठी चुकणार, मापी करा. मी धारवाडकडचा, बदली होऊन आलो तेव्हा मराठी एक शब्द येत नव्हतं. मामा माझ्याशी मराठीच बोलायचे आणि मराठी लोकांशी मुद्दाम कन्नड, का विचारलं तर म्हणाले ज्याला जे येत नाही ते त्याला शिकवतो. फक्त रोज पिटवर, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यावर, वाकून कन्नडमध्ये "ऊट आतेनरी", जेवण झालं का, विचारायचे आणि मी "होय, जेवलो" म्हणायचं असं ठरलेलं. एक नोव्हेंबरला, कर्नाटक स्थापनेच्या दिवशी, आमचे कन्नड लोक लाल-पिवळा शाल घालतात, मराठी लोक निषेधाची काळी पट्टी बांधतात, डेपोत त्या दिवशी कोण कोणाशी जास्त बोलत नाही. मामा त्या दिवशी मिरची भजी एकाच कागदात आणायचे, दोन कागद कधी केले नाहीत. खायचं तर जवळ यावंच लागायचं.

एक सहकारी

सगळे चांगलं लिहिताहेत, मी जरा वेगळं लिहितो, मुलीनं रागावू नये. मामांची मस्करी कधी कधी डोक्यात जायची. एकदा भरल्या गाडीत त्यांनी जाहीर केलं की आज ह्यांचा साखरपुडा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका बाईनं 11 रुपये हातात ठेवले. माझं जुळत आलेलं लग्न त्याच आठवड्यात मोडलं होतं, त्यांना ते माहीत नव्हतं, पण मी दोन महिने बोललो नाही. सॉरीबिरी ते काही म्हणाले नाहीत. फक्त त्यानंतर मला रविवारची ड्युटी लागली की माझ्या जागी त्यांचं नाव असायचं, मी घरच्यांबरोबर मुली बघायला जात होतो म्हणून. हे मला ड्युटी लावणाऱ्या क्लार्कनं सांगितलं, तेही मामा गेल्यावर.

डेपो ऑफिसमधून

थोडक्यात लिहितो. पीएफच्या कागदावर मामांनी नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव ठेवलं होतं, आणि वडील कधीच वारले होते. वारस दाखला काढण्यात वहिनींचे खूप हेलपाटे झाले. दुसऱ्याचे फॉर्म भरून द्यायला हा माणूस सगळ्यांत पुढं! आता आमच्या इथं बऱ्याच जणांनी आपापल्या नॉमिनीची नावं बदलून घेतली. तुम्ही पण बघून घ्या, आजच बघा.

वस्तीच्या गाडीचा ड्रायव्हर

मला लिहायला येत नाही, पोरगा टाईप करतोय. मी नऊ वर्षं त्यांच्याबरोबर वस्तीची गाडी केली, कणकुंबीकडची. पावसाळ्यात तिकडं आठ-आठ दिवस लाईट नसते. रात्री गाडीतच झोपायचं, तो मागच्या लांब सीटवर, मी बॉनेटजवळ. गावातलं कोण ना कोण भाकरी आणून द्यायचं. मला अस्वलाची भीती, रात्री उतरायचं झालं की मी त्याला उठवायचो. तो बॅटरी घेऊन पुढं आणि झाडीकडं बघून ओरडायचा, "उभं राहून प्रवास करू नये, आत सीट रिकामी आहे!" अस्वल काय आलं नाही कधी, पण मला हसून हसून ज्या कामाला उतरलो तेच जमायचं नाही.

त्या दिवशी आम्ही बेळगावला दुपारी उतरलो. तो छातीत जळजळ होतंय म्हणाला, घाम पण आला होता, उन्हाचा असंल वाटलं. मी म्हणलं पित्त झालंय, सकाळी मिसळ खाल्लास ना. आणि सोडा आणून दिला. त्यानं पिऊन मोठा ढेकर दिला आणि "रैट" म्हणाला, जसं गाडीला म्हणतात तसं. मी हसलो. पहाटे फोन आला. आता डेपोत सगळ्यांचे ईसीजी झाले, डॉक्टरनी सांगितलं जळजळ आणि घाम एकत्र असंल तर पित्त धरून बसू नका, 108 ला फोन करा. मला तेव्हा कोण सांगितलं नव्हतं. मी सोडा दिला. मी त्यांच्या घरी अजून गेलेलो नाही, दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो.

मुलगी

सगळ्यांचं आईला वाचून दाखवलं. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. बाबा घरी फार बोलायचे नाहीत, आले की पाय धुऊन गप्प बसायचे, दिवसभर ओरडून घसा बसलेला असायचा. कोंबडीचं ऐकून आई हसली आणि मग खूप वेळ स्वयंपाकघरात गेली.

ड्रायव्हर काका, आईनं पण त्या रात्री बाबांना ओवाच दिला होता चावायला. तिनं हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही घरी या. रविवारी आम्ही दोघी घरीच असतो.