पालिका, जिल्हा परिषदेच्या निविदा छोट्या कारखानदाराने भराव्यात का?

फॅब्रिकेशनवाला
आमच्या एमआयडीसीत लोखंडी बाकं, कपाटं बनवणारे उत्तम कारागीर आहेत. तरी जिल्ह्यातल्या शाळांना बाकं देतात बाहेरचे पुरवठादार, कारण आपल्यातलं कुणी निविदाच भरत नाही. माझ्या मते भरलीच पाहिजे. महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन निविदांच्या संकेतस्थळावर नोंदणी, वर्ग ३ ची डिजिटल स्वाक्षरी, पॅन, जीएसटी, मागचे ताळेबंद, एवढ्यावर सुरुवात होते. लिफाफे दोन. पहिल्यात कागदपत्रं, दुसऱ्यात दर. पहिला पास झाला तरच दुसरा उघडतो. ठरलेल्या वेळेआधी दर साहेबांनाही दिसत नाही. पूर्वी पेटीत टेंडर टाकायला गेलेल्याला दारातच अडवायचे, ते तरी संपलं.

सातारी
दारात अडवणं संपलं, अटींत अडवणं सुरू झालं. मी वाचलेल्या निविदेत मागच्या सात वर्षांत अंदाजपत्रकाच्या ८० टक्के रकमेचं एक काम, नाहीतर ५० टक्क्यांची दोन किंवा ४० टक्क्यांची तीन कामं मागितली होती. मोठ्या पुलासाठी हे ठीक आहे. शाळेच्या बाकाला कशाला? नवा माणूस पहिलं काम आणणार कुठून?

हिशेबनीस
मी अशा पुरवठादारांचे हिशेब बघते, म्हणून स्पष्ट सांगते: भरू नका. बयाणा, म्हणजे निविदेसोबत भरायची अनामत, अडकतो, काम मिळालं की सुरक्षा अनामत अडकते, लोखंड रोखीने घ्यावं लागतं. मग बिल ‘निधी आला नाही’ म्हणून पडून राहतं. जीएसटी मात्र बिल फाडलं की भरायचाच. त्यात काम मिळावं म्हणून दर इतका खाली नेलेला असतो की व्याजातच नफा जातो. चांगले चालणारे कारखाने यात बसलेले पाहिलेत मी.

फॅब्रिकेशनवाला
ताई, उद्यम नोंदणी (केंद्राची छोट्या उद्योगांची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म, लघु उद्योगाचे पैसे २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांत द्यावे लागतात. पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. थकलेल्या पैशांची तक्रार ऐकणाऱ्या सुविधा परिषदेच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. एवढं हत्यार हातात असताना घाबरायचं का?

हिशेबनीस
कायदा बरोबर आहे. पण पुढच्या वर्षी त्याच टेबलावर जायचं असतं, म्हणून तक्रार करायला कुणी धजत नाही.

वैनगंगा
उद्यमवरून एक सांगतो, यात बरेच जण फसतात. बयाणा माफीचं २०१२ चं धोरण केंद्राच्या खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांना आहे. पालिकेच्या निविदेत माफी लिहिलेली नसेल तर बयाणा भरा, नाहीतर पहिल्याच लिफाफ्यात बाद व्हाल.
सातारी, अट जाचक वाटली तर बोलीपूर्व बैठकीत, म्हणजे निविदा भरण्याआधी शंका विचारायला ठेवलेल्या बैठकीत, लेखी हरकत द्या. तोंडी बोललेलं नोंदीत येत नाही. अट बदलली तर शुद्धिपत्रक निघतं, आणि नाही बदलली तरी तुमचा कागद फाइलला राहतो. माहिती अधिकारात पुढे तोच कामाला येतो.

सातारी
एकट्याच्या पत्राला कोण विचारतं? आमच्या पट्ट्यातले चौघे-पाच सह्या करायला तयार असतील तर मी मसुदा करतो.

हिशेबनीस
मग त्या पत्रात अनुभवाच्या अटीबरोबर हेही विचारा: खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून) होणार आणि निधी आज जमा आहे का? याचं लेखी उत्तर आलं नाही तर माझा सल्ला तोच, भरू नका.