काटा मालकांचा, चिठ्ठी माझ्या हातची: विश्वासणाऱ्याने काय करावे?

प्रश्न : कळंबकर
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी खेडा खरेदी (गावातच शेतकऱ्यांकडून कापूस घेणे) करणाऱ्या व्यापाऱ्याकडे मी हिशेब लिहितो. यंदा कापूस निघाल्यावर मी काट्यावर उभे राहावे, असे मालकांचे म्हणणे आहे. त्यांचा काटा क्विंटलमागे दोन किलो कमी दाखवतो, हे मला ठाऊक आहे. काटा त्यांचा, नफाही त्यांचाच, मी केवळ आकडा वाचून चिठ्ठी लिहिणार. मग हे पाप माझ्या खाती जमा होते काय? मी आमच्या ख्रिस्ती मंडळीचा खजिनदार आहे आणि घरात दुसरी मिळकत नाही, हे ध्यानात घेऊन उत्तर द्यावे.

वणीकर
भाऊ, घाईने नोकरी सोडू नका. नामान सेनापती कुष्ठातून शुद्ध झाल्यावरही त्याला धन्याबरोबर रिम्मोन दैवताच्या देवळात वाकावे लागणार होते. त्याने त्याची क्षमा आधीच मागितली आणि अलीशा संदेष्ट्याने त्याला शांतीने निरोप दिला (बायबल, २ राजे ५). चाकरी करणाऱ्याची अडचण देव जाणतो.

अचलपूरची भगिनी
दादांचे उदाहरण येथे लागू पडत नाही, असे मला नम्रपणे वाटते. नामानाच्या वाकण्याने कोणाच्या घरचा दाणा कमी होणार नव्हता. येथे मात्र ज्याने उसनवारीवर बियाणे आणले आणि वेचणीची मजुरी रोख चुकती केली, त्याच्या वीस क्विंटलमागे चाळीस किलो कापूस जातो, आणि तो कळंबकर भाऊंच्या अक्षरातील चिठ्ठीवर जातो. लेवीय १९:३५-३६ मध्ये खरा तराजू व खरी वजने ठेवण्याची आज्ञा देताना, तुम्हांला मिसरातून (इजिप्तमधून) सोडवून आणणारा तो मीच, याची आठवण देव करून देतो. मंडळीत आपण अर्पण दोघांसमक्ष मोजून वहीवर सह्या घेतो, तोच हक्क शेतकऱ्याला का नसावा?

आर्वीचे निवृत्त गुरुजी
बहिणीशी मी सहमत आहे, परंतु मार्गही सांगायला हवा. जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे बाप्तिस्म्यासाठी आले तेव्हा त्याने नाका सोडण्यास सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच बजावले (लूक ३). मालकांना एकांतात सांगा की, काटा दुरुस्त होऊन वैध मापन खात्याकडून त्याची पडताळणी व मुद्रांकन झाले, तरच मी उभा राहीन. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी कायद्यानेच बंधनकारक असल्याने त्यासाठी पवित्र शास्त्र उघडण्याचीही गरज नाही! त्यांनी नकार दिल्यास मात्र जुन्या कामावर परत जाणे ही पळवाट ठरेल, कारण हिशेबाच्या वहीतही तेच दोन किलो उतरतात.

कळंबकर
गुरुजी, काट्याविषयी मालकांशी बोलतो. मात्र जकातदारांचा प्रमुख जक्कय याने येशूसमोर अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले होते, आणि गेल्या हंगामातील शेतकऱ्यांची नावे वजनांसह माझ्याच वहीत आहेत. तो विषय याच भेटीत काढावा की काटा सुधारल्यावर?