मदत हवी आहे: चिकटलेल्या निगेटिव्ह सोडवणारं कुणी?

मंडळी, म्हापशातल्या एका ज्येष्ठ वृत्तछायाचित्रकारांवर माहितीपट चालू आहे. काम सगळं ३५ मिमी कृष्णधवल फिल्मवर. १९६७ च्या गोव्यातल्या जनमत कौलात भिंतींवर रंगवलेल्या 'फूल' (महाराष्ट्रात विलीनीकरण) आणि 'दोन पानं' (केंद्रशासित राहणं) या निशाण्यांच्या फोटोंच्या निगेटिव्ह पट्ट्या दमटपणाने पाकिटांना चिकटल्यात. ओढल्या तर इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, कागदावरच राहील, म्हणून हात लावलेला नाही. एका डब्याला व्हिनेगरचा वास येतो, म्हणजे फिल्मचं ॲसिटेट प्लास्टिक कुजू लागलंय; तो वेगळा ठेवलाय.

स्कॅन ४००० डीपीआयलाच (इंचाला ४००० बिंदू) हवं. २४०० ला फ्रेमची रुंदी जेमतेम ३४०० पिक्सेल भरते, फोर-केला ३८४० लागतात, मग चेहऱ्याच्या जवळ जाणार कसं? स्कॅनरची इन्फ्रारेड धूळसफाई असल्या कृष्णधवल, चांदीच्या फिल्मवर चालत नाही, तेव्हा डाग हातानेच काढणारा माणूस हवा.

गोव्यात, नाहीतर सावंतवाडी-बेळगावपर्यंत कुणी आहे का? पावसाआधी सांगा, कृपया.