चार्टवर चित्रं चिकटवून पोरांना तंतुवाद्यं कळतात का?

गजकर: आमच्या पालकांच्या ग्रुपवर परवा एका ताईंनी फोटो टाकला. पाच वर्षांच्या लेकीला घरीच ऑर्केस्ट्रा शिकवतायत. भिंतीवर चार्ट, त्यावर व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास, आणि लेक बोट ठेवून घडाघडा नावं सांगते. वर सल्ला: "आधी नावं पक्की करा, आवाज नंतर." हे 'आवाज नंतर' वाचून राहवलं नाही. अहो, व्हायोलिन आणि व्हायोला चित्रात जवळजवळ सारखीच दिसतात! फरक कानाला कळतो. व्हायोला व्हायोलिनच्या पंचमभर (सा ते प एवढं) खाली बोलते, चेलो व्हायोलाच्याही सप्तकभर खाली. फ्रेंच संगीतकार सां-सांसच्या १८८६ मधल्या 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स'मध्ये हत्ती डबल बासवर आहे आणि हंस चेलोवर. डोळे मिटायला सांगून विचारा, हत्ती कुठला? स्टीलच्या डब्याला एक जाड आणि एक बारीक रबरबँड ताणून छेडू द्या. नावं मागाहून येतात.

नेहा_बावधन: फोटो माझाच. हिंजवडीहून घरी पोचायला आठ वाजतात, त्यानंतर जे जमतं ते करते. त्या चार्टमुळेच लेक "मला हे वाजवायचंय" म्हणाली. आता क्लासला जाते. १/८ साइजचं, लहान मुलांचं व्हायोलिन आणलं, सरांनी बोटांच्या जागी रंगीत पट्ट्याही चिकटवून दिल्या. यात चुकलं कुठे?

पंचम_पेठी: त्या पट्ट्यांतच चुकलं! व्हायोलिनला सतारीसारखे सुराची जागा दाखवणारे पडदे नाहीत. सूर कानानेच शोधायचा असतो. पट्टी दिसली की पोर बघून बोट ठेवतं, ऐकत नाही. माझ्या भाच्याच्या पट्ट्या काढल्या तेव्हा त्याला साधा भूप राग सुरात वाजवता येईना. आणि चेलो-बिलोच्या आधी तानपुरा लावताना पोराला शेजारी बसवा, सवाई गंधर्व महोत्सवाला न्या, सारंगी ऐकवा.

कॅम्पातली_मावशी: मी लहान मुलांना व्हायोलिन शिकवते, म्हणून स्पष्ट बोलते. पाच वर्षांच्या मुलाला हनुवटी, डावा कोपर आणि सरळ गज (तारांवर फिरवायची केसांची काठी) एकदम सांभाळायचा असतो. त्यात बोटाची जागाही अंधारात शोध म्हणायचं? मी पहिल्या बोटाची एकच पट्टी लावते आणि आधी प्रत्येक ओळ गाऊन घेते. जपानी व्हायोलिन-शिक्षक शिनिची सुझुकींची पद्धतसुद्धा ऐकण्यावरच उभी आहे. मातृभाषा कानावर पडून येते तसं संगीत यावं, आणि पालकाने सोबत शिकावं. ती पद्धत शिकवणारे कितीतरी जण पट्ट्या लावतात. आणि व्हायोलिनला परकं ठरवू नका. आपल्या शास्त्रीय संगीतातले गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग काय वाजवत होते? व्हायोलिनच ना!

पंचम_पेठी: परकं मी म्हटलेलंच नाही. माझ्या तोंडी शब्द घालू नका. बुवांचं नाव घेता, मग त्यांच्यासारखा कान तयार करा ना! फी घेऊन चिकटपट्ट्या लावायच्या आणि त्याला शिक्षण म्हणायचं?

कॅम्पातली_मावशी: फीवर घसरलात म्हणजे मुद्दा संपला. चार मुलं समोर बसवा आणि महिनाभर शिकवून दाखवा.

राळवाला: पट्ट्यांवरून भांडताय, इकडे कित्येक पोरांच्या व्हायोलिनमधून आवाजच निघत नाही! ऑनलाइन मागवलेल्या वाद्याची घोडी (तारांखालचा लाकडी तुकडा) आडवी पडलेली असते. ती चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावरच उभी राहते. नव्या गजाला राळ (केसांना घासायचा चिकट पदार्थ) नसते, आणि डबीतली नवी राळ इतकी गुळगुळीत की पॉलिशपेपरने ओरखडल्याशिवाय केसांना लागत नाही. शेजारचा मुलगा "मला येतच नाही" म्हणून रडायचा. त्याच्या गजाला राळ घासून दिली आणि लगेच आवाज आला. उन्हाळ्यात तारा ताणायच्या खुंट्या सरकतात, पावसाळ्यात फुगून अडकतात. हे क्लासमध्ये पालकांना कोणी सांगत नाही, याचा मला संताप येतो.

नेहा_बावधन: आमचीही राळ काचेसारखीच होती, आज ओरखडली. गजकर, काल हत्ती-हंस ऐकवलं. हत्ती तिने चटकन ओळखला, हंसाला मात्र व्हायोलिनच म्हणते. ऐकवणं आधी हवं होतं, एवढं मान्य. चार्ट काढणार नाही.

पंचम_पेठी: ठीक आहे, एक पट्टी चालेल. पण सहा महिने, त्यापुढे एक दिवसही नाही. आणि रोज तानपुऱ्याच्या सुरावर, ॲपवरचा का असेना.

कॅम्पातली_मावशी: तानपुरा मान्य, मी लावतेच. सहा महिने अमान्य. बोट आपोआप सुरात पडायला लागलं की पट्टी निघते, मग दोन महिने लागोत की वर्ष. शनिवारी मुलांचं वाजवणं ऐकायला या, मग बोलू.