शस्त्रसंधी, युद्धबंदी, शरणागती की तह : तारखेपुढे कोणता शब्द लिहावा?

प्रश्न (सातारा)

आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या दारात एक काळा फळा आहे आणि त्यावर रोजचे दिनविशेष लिहिण्याचे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आले आहे. फळा जेमतेम दोन फूट रुंद असल्यामुळे एका घटनेला एकच ओळ मिळते. गेल्या ११ नोव्हेंबरला मी ‘१९१८ : पहिल्या महायुद्धाचा तह’ असे लिहिले होते. दुपारी वर्तमानपत्रे वाचायला येणाऱ्या एका निवृत्त सुभेदारांनी खडू मागून घेतला, ‘तह’ हा शब्द पुसला आणि त्या जागी ‘युद्धबंदी’ असे लिहिले. संध्याकाळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने विचारले, “काका, पहिल्या महायुद्धाचा युद्धबंदी म्हणजे नेमका कोण पकडला गेला होता?” मला उत्तर देता आले नाही. या दोन शब्दांतला आणि त्यांच्या आसपासच्या शब्दांतला नेमका फरक जाणकारांनी सांगावा.

प्रतिसाद (मिरज)

सुभेदारांनी शब्द योग्य बदलला. त्याआधीचा प्रत्यय मात्र तसाच राहिला आणि सगळा घोटाळा त्या ‘चा’मध्ये आहे. मराठीत ‘युद्धबंदी’ हे एकाच रूपाचे दोन वेगळे शब्द आहेत. दारूबंदी, नसबंदी, टाळेबंदी यांच्या रांगेतली युद्धबंदी स्त्रीलिंगी असून तिचा अर्थ लढाई थांबणे असा आहे. दुसरा युद्धबंदी पुल्लिंगी आहे. त्यातला ‘बंदी’ संस्कृतातला, म्हणजे कैदी. म्हणून ‘महायुद्धाची युद्धबंदी’ असे वाचले तर तोफा थांबतात आणि ‘महायुद्धाचा युद्धबंदी’ असे वाचले तर कोणीतरी तुरुंगात जातो. त्या मुलीचे व्याकरण पक्के आहे, असेच मी म्हणेन. (जाता जाता : तटबंदी आणि मोर्चेबंदी या शब्दांतली ‘बंदी’ काहीच थांबवत नाही, उलट बांधून काढते. तेव्हा ‘बंदी म्हणजे मनाई’ हे समीकरणही सरसकट लावता येत नाही.)

१९७१ च्या डिसेंबरात हे दोन्ही शब्द लागोपाठच्या दिवशी लागतात. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानच्या पूर्व विभागाने शरणागती पत्करली आणि सैनिक व इतर मिळून सुमारे ९३ हजार युद्धबंदी भारताच्या ताब्यात आले. पश्चिम आघाडीवरची युद्धबंदी मात्र दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला रात्री आठ वाजता अमलात आली. त्या काळाविषयी लिहिताना कैद्यांसाठी ‘युद्धकैदी’ हाच शब्द ठेवला, तर वाचकाला प्रत्येक वेळी लिंग तपासत बसावे लागणार नाही.

आता ११ नोव्हेंबरकडे येतो. त्या दिवशी फ्रान्समधल्या कोंपियेन्यच्या जंगलात, रेल्वेच्या एका डब्यात, पहाटे पाचच्या सुमारास सह्या झाल्या आणि सकाळी अकरा वाजता तोफा थांबल्या. त्या कागदाची मुदत होती अवघी ३६ दिवसांची! ती पुढे वेळोवेळी वाढवावी लागली. ज्याला तह म्हणावे, तो व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात २८ जून १९१९ रोजी झाला, म्हणजे सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला त्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी; आणि तो अमलात आला १० जानेवारी १९२० रोजी. मधल्या चौदा महिन्यांत युद्ध चालू नव्हते आणि संपलेलेही नव्हते. या अवस्थेसाठी जुन्या मराठीत ‘युद्धतहकुबी’ असा चपखल शब्द होता. सभा तहकूब होते तेव्हा ती बरखास्त होत नाही, पुढच्या तारखेला भरू शकते, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यालाही ठाऊक असते. ‘युद्धतहकुबी’ मागे पडला याचे मला वाईट वाटते, कारण तो ऐकताच कळत होता.

प्रतिसाद (कराड)

मिरजकरांच्या म्हणण्याला घरातला एक पुरावा जोडतो. माझ्या आजोळी, कोरेगाव तालुक्यात, पणजोबांचे पहिल्या महायुद्धातले एक गोल पदक देव्हाऱ्याखालच्या खणात कापडात गुंडाळून ठेवलेले आहे. एका बाजूला पंख पसरलेली विजयदेवता आहे, कडेवर पणजोबांचा क्रमांक आणि नाव कोरलेले आहे आणि मागच्या बाजूला इंग्रजीत, संस्कृतीच्या रक्षणासाठी लढलेले महायुद्ध अशा अर्थाचा मजकूर असून खाली साल आहे ‘१९१४–१९१९’. लहानपणी आम्हाला ती टाकसाळीतली चूक वाटायची, कारण पाठ्यपुस्तकात १९१८ होते. चूक नव्हती. पदक पाडणाऱ्यांनी तहाचे साल धरले आणि पुस्तकाने शस्त्रसंधीचे. आमच्या जिल्ह्यात मिलिटरी आपशिंग्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारी गावे आहेत. तिथल्या घरांतही अशी पदके असतील, त्यांचे साल एकदा पाहावे.

प्रतिसाद (हरिपूर, सांगली)

‘शस्त्रसंधी’विषयी कोणीच बोलले नाही, म्हणून लिहितो. संधी म्हणजे मुळात सांधा. संधिवात, संधिप्रकाश आणि व्याकरणातला स्वरसंधी हे सगळे तिथलेच. राजनीतीत कौटिल्याने सांगितलेल्या सहा गुणांपैकी पहिला गुण संधी, म्हणजे तहच. त्यामुळे ‘शस्त्रसंधी’ या शब्दावर एक आक्षेप घेता येतो की, ज्या दिवशी तह झालेला नाही त्या दिवसाच्या नावातच तह शिरला आहे. मला हा आक्षेप पटत नाही. शस्त्रांपुरती संधी, असा समास सोडवला की मर्यादा आपोआप येते : बंदुका जुळल्या आहेत, राज्ये नाहीत. लिंगाचे म्हणाल तर संस्कृतात संधी पुल्लिंगी आणि मराठीत मिळणारी किंवा हुकणारी संधी स्त्रीलिंगी, म्हणून वर्तमानपत्रांत ‘शस्त्रसंधी झाला’ आणि ‘शस्त्रसंधी झाली’ अशी दोन्ही रूपे दिसतात. मी ‘झाली’ लिहितो. कोणी ‘झाला’ लिहिल्यास त्याचा खडू काढून घेणार नाही.

हा शब्द सर्वांत नेमका बसतो तो कोरियाला. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे सकाळी सह्या झाल्या आणि रात्री दहाला गोळीबार थांबला. दक्षिण कोरियाने त्यावर सहीच केली नाही आणि तह आजतागायत झालेला नाही. फळ्यावर ‘कोरियन युद्ध संपले’ असे लिहिणे म्हणूनच चूक ठरते.

तहाला मात्र लढाई संपण्याची गरज नसते, हे आपल्या इतिहासाइतके स्पष्ट कोणी दाखवत नाही. ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह घ्या : तो इंग्रज-मराठे युद्धाच्या शेवटी झाला नाही, त्यातूनच १८०३ चे युद्ध पेटले. १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहावर महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सह्या झाल्या, पण नाना फडणविसांनी त्याला मान्यता द्यायला कित्येक महिने लावले. म्हणजे सही, मान्यता आणि अंमल या तीन वेगवेगळ्या तारखा असतात. ‘युद्धात जिंकले आणि तहात हरले’ असे आपण उठताबसता म्हणतो. ज्या भाषेत हे वाक्य रुळले आहे, तिने तरी लढाई थांबण्याची आणि तहाची तारीख एक मानू नये. आमच्या गावाशी वारणा कृष्णेला मिळते. १३ एप्रिल १७३१ च्या तहाने साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या आणि कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या राज्यांची हद्द ठरली ती याच वारणेने. त्याला कोणी ‘वारणा करार’ म्हणत नाही, आणि ताश्कंदला किंवा सिमल्याला कोणी तह म्हणत नाही. घरमालकाशी करतो तो करार, राजाशी करतो तो तह; राजे गेले तसा तहही मागे पडला असावा, असा माझा तर्क आहे.

प्रतिसाद (मिरज)

करारावरून आठवले. १ जानेवारी १९४९ च्या युद्धबंदीनंतर काश्मीरमध्ये ‘युद्धबंदी रेषा’ आखली गेली. सिमला करारानंतर १९७२ मध्ये तिच्या जागी ‘नियंत्रण रेषा’ आली, आणि मराठी वर्तमानपत्रे तिला ‘ताबारेषा’ही म्हणतात. १९६५ च्या बातमीत ‘नियंत्रण रेषा’ असे लिहिणे हा कालविपर्यास आहे आणि तो मी अलीकडे दोनदा वाचला.

प्रश्नकर्ता (सातारा)

सर्वांचा आभारी आहे. एक शंका उरते. दुसऱ्या महायुद्धात जपानसाठी कोणती तारीख धरावी? १५ ऑगस्ट १९४५, की २ सप्टेंबर?

प्रतिसाद (मिरज)

दोन्ही धराव्यात, पण वेगळ्या शब्दांनी. १५ ऑगस्टला सम्राटाने नभोवाणीवरून शरणागतीचा निर्णय जाहीर केला. २ सप्टेंबरला टोकियोच्या उपसागरात ‘मिसुरी’ या युद्धनौकेवर शरणागतीपत्रावर सह्या झाल्या. तह त्यानंतर सहा वर्षांनी, ८ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झाला. भारत त्या परिषदेला गेला नाही. भारताने जपानशी वेगळा तह केला, त्याची तारीख ९ जून १९५२. तेव्हा ‘जपानशी युद्ध कधी संपले’ याचे आपल्या देशापुरते कायदेशीर उत्तर टोकियोच्या उपसागरात सापडणार नाही. जर्मनीचेही असेच आहे : शरणागतीपत्रावर पहिली सही ७ मेच्या पहाटे रॅंसला झाली, ८ मेच्या रात्री बर्लिनमध्ये पुन्हा सह्या घेतल्या, आणि तेव्हा मॉस्कोच्या घड्याळात ९ मे उजाडला होता. तिथला विजयदिन म्हणूनच एक दिवस पुढे आहे.

प्रश्नकर्ता (सातारा)

ठरले. येत्या ११ नोव्हेंबरला ‘१९१८ : पहिल्या महायुद्धातील शस्त्रसंधी’, २८ जूनला ‘१९१९ : व्हर्सायचा तह’ आणि २७ जुलैला ‘१९५३ : कोरियात शस्त्रसंधी’ असे लिहीन. ‘युद्धतहकुबी’ एकदा तरी लिहून पाहण्याचा मोह आहे, पण फळ्याच्या रुंदीत ती सालासकट मावेल असे वाटत नाही. हा सगळा धागा सुभेदारांना वाचून दाखवला. ‘चा’ची चूक त्यांनी मान्य केली. १६ डिसेंबरची ओळ त्यांनी माझ्यावर सोपवली आहे. १७ डिसेंबरची मात्र ते स्वतः लिहिणार आहेत, कारण त्या रात्री आठ वाजता ते पश्चिम आघाडीवर होते. आणि तिथे ‘युद्धबंदी झाली’ असेच लिहायचे, ‘झाला’ नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावले.