म्हाताऱ्या, बहिऱ्या कुत्र्यासाठी नवं घर : तुमचे अनुभव लिहा

मावशीचा गुंड्या १२ वर्षांचा आहे. सगळे त्याला पॉमेरियन म्हणतात, आहे इंडियन स्पिट्झ. आता त्याला अजिबात ऐकू येत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मावशी मुलाकडे राहायला जाणार, तिथे नातवाला दमा आहे. माझ्याकडे दोन मांजरं, आणि गुंड्याचं मांजरांशी हाडवैर. “म्हातारं कुत्रं कोण घेणार, त्यात बहिरं!” असं बऱ्याच जणांनी ऐकवलं. मला ते पटत नाही. तो प्रेमळ आहे, खातोपितो नीट, घरात घाण करत नाही. ज्यांनी असं कुत्रं दिलंय, घेतलंय किंवा तपासलंय त्यांनी अनुभव लिहा. बारीकसारीक गोष्टीही लिहा, त्याच हव्या आहेत.

डोंबिवलीहून

आमची राणी कॉकर स्पॅनिअल, १० वर्षांची असताना आमच्याकडे आली. जुन्या घरच्यांनी एक फार मोलाचं काम केलं होतं. ते तिच्याशी ज्या खुणांनी बोलायचे त्या सगळ्यांचा व्हिडिओ करून दिला. तळवा वर केला की बस, अंगठा दाखवला की शाबास, वाटीवर दोन बोटं आपटली की जेवण. त्यामुळे घर बदललं तरी तिची भाषा बदलली नाही. सोबत तिची न धुतलेली चादरही आली, पहिले काही दिवस ती त्यावरच झोपायची.

उठवायची रीत आधी घरातल्या मुलांना शिकवा. झोपलेल्या बहिऱ्या कुत्र्याला एकदम हात लावायचा नाही. दचकून ते चावू शकतं, त्यात त्याचा काही दोष नाही. आम्ही आधी नाकासमोर हात धरतो, वास जाऊ देतो, मग खांद्यावर हलकेच ठेवतो. लांबून बोलवायचं तर खोलीतला दिवा एकदा बंद-चालू करतो. आणि बाहेर पट्टा सुटता कामा नये, सोसायटीच्या आवारातसुद्धा. हाक मारून परत बोलवायची सोयच नाही ना.

कोल्हापूरहून (मी जनावरांचा डॉक्टर आहे)

बहिरा आहे असं ठरवण्याआधी कान तपासून घ्या. मळ घट्ट बसलेला असतो, जुनं इन्फेक्शन असतं, त्यानेही ऐकू कमी येतं आणि उपचारांनी थोडंफार परत येऊ शकतं. घरात पडलेले ड्रॉप्स मनाने घालू नका. पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी उरलेलं ऐकूही जातं.

वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात बहुधा आधी बारीक, उंच आवाज जातात. शिट्टीला वळत नाही पण जाड आवाजाला किंवा टाळीला कान हलतो, असं बरेच दिवस चालतं. नव्या लोकांना हे सांगा. जन्मजात बहिरेपण वेगळं. अमेरिकेतल्या तपासण्यांत सुमारे ३० टक्के डाल्मेशियन एका किंवा दोन्ही कानांनी बहिरे आढळले, त्याचा संबंध अंगावरच्या पांढऱ्या रंगाशी आहे. ती कुत्री पहिल्यापासून डोळ्यांनीच जग ओळखतात. गुंड्यासारख्याला मात्र ऐकायची सवय होती, ती सुटली आहे. त्याला तुमचा चेहरा सतत समोर हवा असतो.

देण्याआधी रक्ततपासणी करा, किडनी आणि लिव्हर मुख्य. दात, सांधे, मोतीबिंदू बघून घ्या. रेबीज आणि लेप्टोच्या लशींच्या नोंदी असलेलं पुस्तक सोबत द्या. रात्री उगाच फेऱ्या मारत असेल, कोपऱ्यात तोंड करून उभा राहत असेल तर तेही सांगा. म्हातारपणी काही कुत्र्यांची स्मृती ढासळते आणि नव्या जागेत गोंधळ वाढतो. लपवून दिलेलं कुत्रं बहुतेक परत येतं, आणि दुसरं स्थलांतर त्याला फार जड जातं.

जुन्नरहून

“आमच्या शेतावर सोडा, मोकळा राहील,” असं कोणी म्हणालं तर हात जोडून नाही म्हणा. आमच्याकडे उसात बिबटे आहेत, अंगणातली कुत्री उचलून नेतात. ऐकू येणारी चपळ कुत्रीसुद्धा सापडतात. शहरात वाढलेल्या, बहिऱ्या म्हाताऱ्या जिवाला बाहेर ठेवणं म्हणजे त्याला मरणाच्या दारी बांधणं आहे. माणूस चांगला असेल, रात्री घरात घेणार असेल, तर गोष्ट वेगळी.

ठाण्याहून

मी वडिलांच्या लॅब्रडॉरसाठी घर शोधलं. जाहिरातीत पहिल्याच ओळीत वय आणि बहिरेपण लिहिलं. फोन कमी आले, पण जे आले ते कळून-सवरून आलेले. मी विचारायचे : दिवसभर घरी कोण असतं, लिफ्ट आहे का, घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी आहे का, आधीचं कुत्रं कशाने गेलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माणूस कसं देतो, त्यावरून मला सगळ्यात जास्त कळलं. मग स्वतः जाऊन घर पाहिलं, आणि जमलं नाही तर कुत्रा आमच्याकडेच परत येईल असं कागदावर लिहून घेतलं.

रस्त्यावर सोडायचा सल्ला देणारे नातेवाईक भेटतीलच. त्यांना १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११ दाखवा. प्राणी असा उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे. ताई, तुम्ही पुण्यात असाल तर कुत्र्याला महापालिकेचा परवाना लागतो, नव्या घरच्यांना तो काढायला सांगा.

फ्रँकफर्टहून

आमचा मोती विमानप्रवासाला झेपणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. तो शेजारच्या काकूंकडे राहिला. आधीपासून दुपारी तो त्यांच्याच ओट्यावर असायचा. बाहेर शोधण्याआधी कुत्र्याच्या ओळखीची माणसं आठवा : शेजारी, इस्त्रीवाले, फिरवायला येणारा मुलगा.

सांगलीहून

थोडकंच. गणपती-दिवाळीत घर बदलू नका. फटाका ऐकू आला नाही तरी सुतळी बॉम्बचा हादरा जमिनीतून लागतो, आणि नव्या घरात जायला ओळखीचा कोपराही नसतो.

नागपूरहून

ताई, साठी उलटलेल्यांना आवर्जून विचारा. मी ६८ वर्षांची, एकटी राहते. आता पिल्लू घेतलं तर माझ्यामागे त्याचं काय, या विचाराने कुत्रं आणतच नव्हते. तेव्हा कळलं की ११ वर्षांची एक बहिरी कुत्री घर शोधतेय. मीही दिवसभर घरात, तीही. मी स्वयंपाक करते तेव्हा ती ओट्याखाली माझ्या पायाला पाठ टेकून झोपते. मी हलले की तिला कळतं.

तिच्या जुन्या घरच्यांनी औषधांचा खर्च देऊ केला होता, मी घेतला नाही, पेन्शन पुरते. मी एकच मागितलं : मी दवाखान्यात भरती झाले तर रात्री-अपरात्री येऊन तिला घेऊन जाईल असा माणूस. त्यांनी मुलाचा आणि सुनेचा, दोघांचेही नंबर दिले, आणि त्या दोघांना तिच्या ओळखीचं ठेवायला महिन्यातून एकदा घेऊन येतात.